भाड्याचं रुखवत

९ जानेवारी १९८५, बुधवार. वाशी.

काल जेवताना वन्संनी जाहीर केलं, "शिमग्याला विनायक न्यायला येईल. मी आता चिपळूणलाच राहीन म्हणते." हे ताटातला भात चिवडत राहिले. मी "बरं" म्हटलं आणि ताक वाढलं.

विनायक म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. चांगला आहे. घर मोठं आहे, आत्यासाठी माजघराजवळची खोली काढून ठेवलीय म्हणतो. हरकत घेण्यासारखं त्यात काही नाही.

आज चहात साखर घालायला विसरले. तिघांनीही तसाच प्यायला.

१० जाने.

कारण शोधायला लांब जायला नको. वन्सं तेविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या, तेव्हापासून आमच्याकडे. मी शाळेत शिकवायला जायची, घर त्यांच्या हातात. आमच्या अजितला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याचे पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. आता अजित बंगलोरला. गेल्या जूनमध्ये मी निवृत्त झाले, गिरगावची खोली सोडून आम्ही इकडे आलो. दीड खोली, एक ओटा, दोन बायका. कोथिंबीर त्या निवडतात, मी परत निवडते. मी फडकं मारते, त्या मागून मारतात.

मी बाल्कनीत होते तेव्हा ह्यांना म्हणत होत्या, "दादा, हाताला काम नाही तिथे बसून खायला मला जमत नाही. वहिनींचं काही नाही हो. त्या चांगल्याच आहेत."

'त्या चांगल्याच आहेत.' इतक्या वर्षांच्या प्रगतिपुस्तकावरचा शेरा. बरं वाटलं की वाईट, ते ठरवता आलं नाही.

१४ जाने. संक्रांत.

इमारतीतल्या बायकांचं हळदीकुंकू आमच्याकडे. वन्सं नेहमीप्रमाणे आत. इथे सगळ्याच नव्या, कोणाची सासू साताऱ्याला, कोणाची आई बीडला. हलवा बघून ओरडल्या, "घरी केलात? काटे काय सुरेख आलेत!" म्हटलं, मला विचारू नका, आत ज्या आहेत त्यांना विचारा.

तळमजल्यावरच्या मोहितेबाई मागे रेंगाळल्या. त्यांच्या मुलीचं, नंदाचं, लग्न दहा फेब्रुवारीला, मुलगा उरणचा. "सगळं झालंय बघा, रुखवताचंच अडलंय. सासूबाई असत्या तर चिंता नव्हती. मला मेलीला बँकेतनं यायलाच सात वाजतात. चार वस्तू नुसत्या मांडायला मिळाल्या तरी..."

आतून वन्संचा आवाज आला, "सुपारीची पंगत केलीत का?"

एवढंच. पण मोहितेबाईंनी पायात घातलेली चप्पल काढली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. वन्संना इतकं बोलताना मी जूनपासून ऐकलं नव्हतं. साखरेचा बंगला, मण्यांचं तोरण, सुपारीची माणसं, त्यांना शालू-पगड्या... त्यांनी माहेरच्या गावात किती जणींची रुखवतं केली होती, हे मला आज कळलं.

१५ जाने.

ठरवलं. धंदा काढायचा. रुखवत भाड्याने द्यायचं.

शाळेच्या गॅदरिंगला आपण पोशाख भाड्याने आणतो, दुसऱ्या दिवशी परत देतो. तसंच. एकदा करायचं, मग लग्नालग्नात मांडायचं. सोपं आहे, इतक्या दिवसांत कोणाला सुचलं कसं नाही?

ह्यांना सांगितलं. "तू? आणि रुखवत?" म्हणून चष्मा पुसायला घेतला. आमचं लग्न नोंदणी पद्धतीचं. दोन साक्षीदार, पेढे, संपलं. रुखवत म्हणजे बायकांच्या वेळेची नासाडी, हे माझं मत ह्यांच्या पक्कं लक्षात आहे.

"वेळ घालवायला काहीतरी हवं."

"कोणाला?"

"मला."

पुढे विचारलं नाही. शहाणा माणूस आहे.

१७ जाने.

वन्सं नाही म्हणतात.

"वहिनी, चकल्या पाडायला सांगा, पापड लाटायला सांगा. रुखवताला माझा हात नको. तेव्हा मी कुमारिका होते, ती गोष्ट वेगळी. उद्या काही कमीजास्त झालं तर लोक म्हणतील."

"कोण लोक?"

"लोक."

"नावं सांगा. भेटून येते."

हसल्या. पण नाहीच म्हणाल्या.

मी खाली जाऊन मोहितेबाईंना सरळ विचारलं. बाईंनी आधी आत डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांना सांगायचं काम नाही. मला चालतंय." उत्तर पूर्ण मार्कांचं नव्हतं. पास केलं. वर येऊन वन्संना फक्त शेवटचे दोन शब्द सांगितले.

संध्याकाळी पाहते तर त्या डब्यातल्या सुपाऱ्या ताटात ओतून एकेक निवडत होत्या. "ही बघा, वहिनी, हिला जन्मजात टक्कल आहे. हे भटजी."

२० जाने. रविवार.

ह्यांनी तेलाचा डबा कापून पत्र्यावर पाटी रंगवली, 'येथे रुखवत भाड्याने मिळेल. चौकशी दुसरा मजला.' अक्षर मोत्यासारखं.

सोसायटीचे सेक्रेटरी तासाभरात हजर. "मॅडम, ही रेसिडेन्शियल सोसायटी आहे. आज तुम्ही हे लावलंत, उद्या कोणी पिठाची गिरणी टाकील."

"टाकू दे. दळणाला मैलभर चालावं लागतं."

"कमिटीसमोर ठेवावं लागेल."

"ठेवा. तोपर्यंत पाटी आमच्या बाल्कनीला."

बांधली. खाडीच्या वाऱ्याने उलटी होते आणि मग रस्त्यावरून फक्त तेलाची जाहिरात दिसते. ह्यांनी खालच्या बाजूला दोन दगड बांधलेत.

२४ जाने.

मणी, जर, रंगीत कागद आणायला पलीकडे मुंबईत. पूल ओलांडला की अजून 'घरी' आल्यासारखं वाटतं, हे वन्संना सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं होतं मोतिया रंगाचे मणी. मी आणले पांढरे. फरक काय, विचारलं. त्यांनी खिडकीत नेऊन दोन्ही हातावर धरले. फरक आहे.

परत पूल, परत भुलेश्वर. मोतिया आणले.

२५ जाने.

बसून राहण्यापेक्षा म्हणून मीही तोरणाची एक बाजू ओवायला घेतली. दुपारी चहाला उठले, परत येऊन पाहते तर माझी बाजू उसवलेली आणि अर्धी नव्याने ओवलेली. वन्सं मान खाली घालून ओवत होत्या.

"चुकलं होतं का?"

"नाही, नाही. जरा सैल होतं."

"चुकलं होतं म्हणा."

"चुकलं होतं."

आयुष्यभर मुलींच्या वह्या तपासल्या. माझी वही कोणी तपासली नव्हती. मला हिशेब, खरेदी आणि लोकांशी भांडणं एवढीच खाती दिली आहेत.

२९ जाने.

साखरेच्या बंगल्याला मुंग्या. भिंत उभी राहते न राहते तोच रांग. ही जमीन खाडी बुजवून केलेली, मुंग्या कुठून येतात देव जाणे. टेबलाचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. आता जेवण जमिनीवर. ह्यांची कुरकुर, "माझ्यापेक्षा बंगल्याची बडदास्त जास्त आहे." वन्सं म्हणाल्या, "दादा, तू विरघळत नाहीस."

खूप दिवसांनी तिघं एकदम हसलो.

३ फेब्रु.

पंगत पुरी झाली. एका पाटावर चाळीसेक सुपाऱ्या. पगड्या, फेटे, नऊवारी, नथी. वाढपी वाकलेला आहे. एक म्हातारा पोटावरचं धोतर सैल करतोय. आणि कोपऱ्यात एकटी, पाठ फिरवून, नाकापेक्षा मोठी नथ घालून बसलेली रुसलेली विहीण.

मी म्हटलं, हे काढा. नवऱ्या मुलाच्या आईला राग आला तर?

"रुखवतात विहीण रुसलेलीच असते, वहिनी. नाहीतर लोक हसतील कशाला?"

ह्यांनी चिठ्ठ्या लिहिल्यात. नमुना,

लाडवांच्या उतरंडीवर चांदीचा वर्ख,
विहीणबाई, आधी खा, मग करा तर्क.

यमक ओढून आणलंय. सांगितलं. म्हणाले, "भाड्याच्या रुखवताला भाड्याचं यमक."

१० फेब्रु. रविवार. रात्रीऐवजी संध्याकाळीच लिहून टाकते.

लग्न शाळेच्या हॉलमध्ये. रुखवत काल आम्हीच मांडलं. वन्सं मांडून झाल्यावर घरी गेल्या, लग्नाला आल्या नाहीत. मी गेले. लोक खाण्याआधी रुखवताशी गर्दी करत होते. नवऱ्या मुलाची आई, कमळाबाई, धिप्पाड बाई, त्या रुसलेल्या विहिणीपुढे उभी राहून इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. "हा माझाच फोटो काढलाय की गं कोणी!"

जेवणं उरकून, सामान गोळा करायला मी पेटी घेऊन गेले. टेबल रिकामं. तोरण नाही, पंगत नाही, बंगला नाही, भरतकामाचं टेबलक्लॉथसुद्धा नाही. सगळं वरपक्षाच्या टेम्पोत चढून उरणला गेलेलं.

मोहितेबाई मुलीला निरोप देऊन खुर्चीत बसल्या होत्या. ती वेळ विचारायची नव्हती. घरी आले.

वन्संना सांगितलं. कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "हो, जातंच ते."

"जातंच म्हणजे?"

"रुखवत मुलीबरोबर जातं, वहिनी. ते तिचं असतं."

मला वाटायचं, खायचं ते जातं, दाखवायचं ते परत येतं.

११ फेब्रु.

मोहितेबाई आल्या, डोळे सुजलेले. विहिणीला भाड्याचं आहे हे सांगितलंच नव्हतं. "कुठल्या तोंडानं सांगू? त्या म्हणाल्या, सूनबाईच्या माहेरचे हात सोन्याचे आहेत. मी मान हलवली. टेम्पोत चढवताना माझ्याच घरचे हात लावत होते, मी काय आडवी पडू?" भरपाई देते म्हणाल्या. ती घेऊन काय करू, सगळा मालच गेला. दुसरा करायला महिना जाईल, आणि महिन्याने शिमगा.

ठरलं, बुधवारी उरणला जाऊन शांतपणे समजावून परत आणायचं. वन्संना बरोबर नेते, वस्तू बांधायचं त्यांनाच जमेल. त्या "येते" म्हणाल्या. एवढंच.

१३ फेब्रु. बुधवार.

पनवेलला गाडी बदलून उरण. नव्या बंदराचं काम चाललंय, रस्ताभर दगडांचे ट्रक, धूळ, खिडक्या बंद. दोन मोठे रिकामे पत्र्याचे डबे आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा बरोबर. बोलायचं मनात नीट मांडून ठेवलं होतं. आधी क्षमा, मग गैरसमजाचं कारण, मग वस्तू.

कमळाबाईंच्या ओटीवर बाकावर आमचं रुखवत जसंच्या तसं मांडलेलं. बंगल्याचं एक छप्पर कोणीतरी खाल्लेलं. शेजारणी बघायला आलेल्या. कमळाबाई पंगतीतलं एकेक माणूस ओळखून दाखवत होत्या. "हा आमचा भावजी, पोट बघा. आणि ही मी, रुसून बसलेय."

नंदा पाणी घेऊन आली. आम्हाला बघून तिचा चेहरा पांढरा झाला. तिला भाड्याचं माहीत होतं. पाणी माझ्या पायावर सांडलं.

मी घसा साफ केला. तेवढ्यात वन्सं बोलल्या. परक्यांसमोर कधी आधी न बोलणाऱ्या वन्सं.

"नंदाच्या आईने पाठवलंय आम्हाला. मांडताना एक वस्तू राहून गेली होती."

आणि पिशवीतून काढलं, ताटावर घालायचं मण्यांचं जाळीदार झाकण. मोतिया मण्यांचं. कधी केलं मला पत्ता नाही. निघतानाच त्यांचं ठरलेलं होतं.

नंदा आत पळाली. कमळाबाईंनी झाकण उन्हाकडे धरून बघितलं. मग त्यांची नजर माझ्या डब्यांवर. "आणि हे एवढे डबे कशाला?"

तोंडाला येईल ते बोलले, "बाजारातून सुकट न्यायची आहे."

"उरणला येऊन सुकट विकत घेणार? आमचं नाक कापता काय!"

दोन्ही डबे भरून दिले. एकात सुकट, एकात बोंबील. रुखवत आणायला गेले, ते हे घेऊन आले. परतीच्या गाडीत आमच्या शेजारी कोणी बसलं नाही, ऐसपैस आलो.

जासईच्या पुढे विचारलं, "हे रुखवत परत येत नसतं, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पाटी लावलीत. मला वाटलं, शिकलेल्या लोकांची काही नवीन पद्धत असेल."

"आणि आज? मला न विचारता?"

त्यांनी मांडीवरचा डबा सरळ केला.

"मी परत आले तेव्हा माझं रुखवत तिकडेच राहिलं, वहिनी. दादा मागायला निघाला होता. मीच नको म्हटलं. रुखवत मागून आणायचं नसतं."

डबा त्यांच्या मांडीवर जड होत होता, तो माझ्याकडे घेतला.

१४ फेब्रु.

घर मोकळं झालं. जेवण पुन्हा टेबलावर. वन्सं म्हणाल्या, "बरं झालं, जाताना मागे पसारा नाही." उरलेले मणी बाटलीत भरून बाटलीवर 'मणी' अशी चिठ्ठी लावली. मला सापडावेत म्हणून.

सुकटीची चटणी मात्र झकास. ह्यांचं मत, धंदा फायद्यात आहे.

१८ फेब्रु.

इथल्याच जुहूगावच्या भोईरबाई आल्या. लाल काठाची साडी, डोक्यावर तांदळाची पाटी, जिना चढता चढताच बोलणं सुरू.

"उरनला माझे नंदेच्या शेजारी लगीन झालं, तिथं पायलं. ती रुसलेली ईन पायली न हसून हसून पोट दुखलं. तुमीच केली ना? माझे पोरीचं लगीन हाय वैशाखान. आमाला बी तसंच पायजे. न एक होडी पायजे. शीडाची. मानसं बसलेली."

मी म्हटलं, करणाऱ्या ह्या. वन्सं दारातून म्हणाल्या, "आधी सांगते. मी विधवा आहे."

भोईरबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग? माझा घरवाला जाऊन आठ वर्सं झाली. हलद मीच वाटनार, पानी मीच भरनार. नायतर पोरीचं लगीन कोन करनार, तुमची सोसायटी?"

वन्सं दारातून पुढे आल्या. बाईच पुढे म्हणाल्या, "न भाड्याचं नको हां. पोरीचं ते पोरीचं. विकतचं सांगा." पाटीतले तांदूळ आगाऊ म्हणून ओट्यावर ओतले, जातीने भांडं शोधून.

गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "वैशाखात मी इथे कुठे आहे?"

मी म्हटलं, "नाही म्हणायचं होतंत."

"तुम्ही म्हणायचं होतंत. बोलायचं खातं तुमचं."

दोघींपैकी कोणीच नाही म्हटलं नव्हतं.

२० फेब्रु.

पाटी खाली काढली. ह्यांनी 'भाड्याने' वर रंग मारून 'करून' लिहिलं. येथे रुखवत करून मिळेल. सेक्रेटरी खालून म्हणाले, "मॅडम, कमिटीने अजून निर्णय घेतलेला नाही." म्हटलं, तुमच्या मुलीचं कधी आहे? म्हणाले, पुढच्या वर्षी. निर्णय झाला असावा.

२६ फेब्रु.

वन्संनी होडी सुरू केली. जाणार आहेत तर का सुरू केली, विचारलं नाही. नारळाच्या करवंटीची नको, लांबट हवी, म्हणून जास्वंदीच्या... नाही, कसलीशी वाळलेली शेंग आहे. भोईरबाईंनी मासेमारीच्या खऱ्या जाळ्याचा तुकडा आणून दिलाय. घरात खाडीचा वास.

तिसऱ्या इमारतीतल्या गायकवाडबाई येऊन गेल्या. मराठवाड्यातल्या, नवरा इथल्या रासायनिक कारखान्यात. मुलीचं लग्न मे महिन्यात, बौद्ध पद्धतीने. "आमच्यात असलं काही नसतं हो मॅडम. पण पोरीची हौस. फक्त तुळशीवृंदावन न् गणपती नको." वन्संना वाटलं, मग करायचं काय? दोघी बोलत बसल्या. शेवटी ठरलं, साखरेचं पिंपळपान, परातीएवढं, शिरांसकट. "शिरा कशा असतात ते पान आणून दाखवा," वन्सं म्हणाल्या, "मी बघून करते." गायकवाडबाई हसत गेल्या. मी तारीख लिहून घेतली. मे.

एकेक तारीख शिमग्याच्या पुढची.

३ मार्च. रविवार.

विनायक आला. आंबोळ्यांचं पीठ, कोकम, आणि परवाच्या गाडीची दोन तिकिटं. बाहेरच्या खोलीत त्याला पसरायला जागा नाही, एका बाजूला कागदाची फुलं, दुसऱ्या बाजूला होडी. "काकू, हे काय, कारखाना?"

आत्याचं काम त्याने नीट बघितलं. खोटं कौतुक करणारा मुलगा नाही. म्हणाला, "आत्या, हे चिपळूणलाही करता येईल की. मोठी ओटी आहे, उजेड आहे. तिथे काय लग्नं होत नाहीत?"

खरं आहे. ह्याचा मी विचारच केला नव्हता. मी मांडलेलं सगळं गणित असं होतं की काम म्हणजे वाशी. काम काय, हातांबरोबर कुठेही जातं.

वन्सं म्हणाल्या, "बघू." आणि त्याला आवडते म्हणून बोंबलाची चटणी वाढली.

हे मला स्वयंपाकघरात म्हणाले, "अगं, तू तिला एकदा सांग तरी."

"काय?"

"मला काय विचारतेस? मी भाऊ आहे, माझं सांगणं ती ऐकते आणि सोडून देते. तुझं तसं नाही."

४ मार्च.

वन्संनी ट्रंक भरली. साड्या, पोथी, अजितचा लहानपणीचा फोटो. मणी घेतले नाहीत. होडीचं शीड राहिलंय. मला बसवून शिवण दाखवली, दोनदा. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा त्यांनी दाखवलं नाही, माझ्या हातातून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

भोईरबाई खालून हाक मारून गेल्या, "बाय, होडीन मानसं किती घालतंस?" वन्संनी खिडकीतून सांगितलं, "सात." मग माझ्याकडे बघितलं, कारण अजून तीनच झालीत.

५ मार्च. मंगळवार. दुपार.

जेवणं लौकर उरकली. ट्रंक दाराशी. मी भांडी पुसत होते. वन्सं शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पुसलेली लावायला.

"वहिनी, तुम्ही काहीच म्हणाला नाहीत."

"कशाबद्दल?"

"मी जाण्याबद्दल. संक्रांतीच्या आधी सांगितलं मी. तुम्ही नुसतं बरं म्हणालात."

"भोईरबाईंनी आगाऊ तांदूळ दिलेत," मी म्हटलं. "शीड मला येत नाही. गायकवाडबाईंना शब्द गेलाय. माणसं तीनच झालीत."

"म्हणजे कामासाठी."

"कामासाठी."

"एवढंच?"

मी हातातलं पातेलं पुसत राहिले. कोरडं होतं.

"नाही. एवढंच नाही."

वर्गात कधी शब्द अडला नव्हता. इथे ओट्याशी अडला. वन्संनी पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं, फळीवर ठेवलं. जरा थांबल्या, बहुधा पुढचं ऐकायला. मग म्हणाल्या, "विनायक साडेचारला निघू म्हणतोय," आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं.

आता चार वाजून गेलेत. विनायकने बूट घातले. हे बाल्कनीतून रिक्षा शोधताहेत, म्हणजे शोधत नाहीत, समोरून दोन रिकाम्या गेल्या. आत कपाट उघडल्याचा आवाज नाही. प्रवासाची साडी खुंटीवर होती ती अजून खुंटीवरच असणार, मला इथून दाराच्या फटीतून तिचा काठ दिसतो.

विनायकने हाक मारली, "आत्या, उशीर होतोय." आतून "हो" आलं. कशाला हो, कळलं नाही.

काल बाजूला ठेवलेलं शीड होडीपाशी दिसत नाही. मी उठून बघायला जात नाही.